नवजात अर्भकाची ओळख आणि बोटांचे ठसे

जन्मानंतरचे पहिले काही दिवस अर्भकाचा चेहरामोहरा झपाट्याने बदलत असल्यामुळे प्रसूतिगृहात ‘हे बाळ कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः आई आणि बाळ यांच्या मनगटांवर बांधलेल्या, एकाच क्रमांकाच्या पट्ट्यांवर अवलंबून राहते. पट्टी मात्र निसटू शकते आणि बदलताही येते. म्हणूनच बाळाच्या शरीरावरील कायमची खूण यंत्राने टिपून तिच्यावरून ओळख पटवण्याचा, म्हणजे बायोमेट्रिक पद्धतीचा, विचार पुढे आला.

अशी खूण जन्मतःच उपलब्ध असते. गर्भाच्या बोटांवर साधारण दहाव्या आठवड्यापासून कंगोरे, म्हणजे त्वचेवरील उंचवट्यांच्या बारीक रेषा, उमटू लागतात आणि सुमारे चोविसाव्या आठवड्यापर्यंत त्यांची रचना कायम होते. अडचण आहे ती ठसा घेण्याची. प्रौढाच्या बोटावर दोन कंगोऱ्यांत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असते, तर नवजात बाळाच्या बोटावर ते त्याच्या निम्म्यावर येते. त्यामुळे प्रौढांसाठी बनवलेल्या, इंचाला ५०० बिंदू टिपणाऱ्या यंत्राला या रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. त्यात बाळाची मूठ घट्ट मिटलेली असते, त्वचा ओलसर असते किंवा तिचे पापुद्रे निघत असतात, आणि बोट जरा जोराने दाबले की मऊ कंगोरे सपाट होतात.

या प्रश्नावरील एक महत्त्वाचे संशोधन भारतातच झाले. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे अनिल जैन आणि त्यांचे सहकारी यांनी आग्र्याजवळच्या दयालबाग येथील रुग्णालयात पाच वर्षांपर्यंतच्या ३०९ मुलांचे ठसे, इंचाला १,२७० बिंदू टिपणाऱ्या यंत्राने, वर्षभरात पुन्हा पुन्हा घेतले, तेव्हा सहा महिन्यांवरील मुलांची ओळख वर्षानंतरही सुमारे ९९ टक्के वेळा पटली. पुढे १,९०० बिंदूंच्या यंत्राने ही मर्यादा दोन-तीन महिन्यांच्या वयापर्यंत खाली आणता आली; लसीकरणाच्या नोंदींसाठी हे मोलाचे असले, तरी प्रसूतिगृहाला हवी असते ती पहिल्या तासातील ओळख. भारतात पाच वर्षांखालील मुलांच्या ‘आधार’मध्ये बोटांचे ठसे किंवा बुबुळांची प्रतिमा घेतलीच जात नाही, छायाचित्र घेऊन नोंद पालकांच्या आधारशी जोडली जाते.

ब्राझीलने १९९० च्या बालहक्क कायद्याने बाळाच्या तळपायाचा व बोटाचा ठसा आणि आईच्या बोटाचा ठसा घेणे रुग्णालयांना बंधनकारक केले आणि या नोंदी १८ वर्षे जपण्यास सांगितले. लष्करी राजवटीत पळवलेल्या बाळांचा इतिहास असलेल्या अर्जेंटिनानेही १९९५ मध्ये आई व नवजात यांच्या ओळखीचा स्वतंत्र कायदा केला. मात्र शाईने घेतलेले तळपायाचे ठसे पुष्कळदा इतके पुसट येतात की तुलनेसाठी त्यांचा उपयोग होत नाही. कायद्याने सक्ती करता येते, स्पष्ट ठसा मात्र घेणाऱ्याच्या कौशल्यावरच ठरतो.

याहून मूलभूत मर्यादा निराळी आहे. बाळाचा ठसा आईच्या ठशाशी जुळत नसल्यामुळे तो मातृत्व सिद्ध करत नाही. पूर्वी नोंदवलेले बाळ हेच, एवढेच तो सांगतो. म्हणून लेबर रूममध्ये, बाळ आईपासून दूर नेण्यापूर्वीच, दोघांची नोंद एकत्र झाली तरच त्याला अर्थ असतो. ती होण्याआधीच अदलाबदल झाली असेल, तर यंत्र चुकीच्या नोंदीलाच दुजोरा देत राहते, आणि खरे नाते ठरवण्यासाठी डीएनए चाचणीच करावी लागते.