अल्पमोली घड्याळ
स्वस्त वस्तू टिकत नाही, हा रूढ समज जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८९ साली काढलेल्या ‘एफ-९१डब्ल्यू’ या अंकी घड्याळाने खोटा ठरविला. वजन अवघे २१ ग्रॅम. आत ना दंतचक्रे, ना काटे. मग ते काळ मोजते कसे? त्याच्या पोटात क्वार्ट्झ नामक स्फटिकाचा चिमुकला तुकडा असतो. वीज मिळताच तो सेकंदास ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या मोठ्या खुबीने निवडलेली आहे. ती पंधरा वेळा निमपट केली की बरोबर १ उरतो, आणि तोच एक सेकंद! (कागदावर करून पाहण्याजोगा हा हिशेब आहे.) महिन्याकाठी फार तर तीस सेकंदांची चूक, चावीच्या उंची घड्याळातही इतका नेमकेपणा क्वचितच आढळतो.

तबकडीवरील अंक स्वतः प्रकाशत नाहीत. उजेड अडवून ते काळे दिसतात. त्यामुळे वीज अत्यल्प लागते व एक घट सुमारे सात वर्षे पुरतो. काळोखात मात्र दिव्याची कळ दाबावी लागते, आणि तो दिवा अगदीच मिणमिणता!

असे घड्याळ घेताना पाण्याविषयीची खूण अवश्य वाचावी. नुसते ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेले घड्याळ पावसाचे शिंतोडे सोसते. ते घालून नदीत सूर मारला तर आत पाणी शिरण्याचे भय असते. पोहणाऱ्याने निदान ५० मीटरांची खूण असलेलेच घ्यावे. पट्टा बदलता येतो की नाही, हेही विचारावे. कारण यंत्र चालू असतानाच बहुधा पट्टा आधी तुटतो.