सर्व्हर टेम्पोत चढण्याआधी

ऑफिसची जागा बदलताना संगणक हे सगळ्यांत सोपे सामान वाटते. चार वायरी काढल्या, खोक्यात घातला, नव्या जागी जोडला की झाले. तो डबा मोडला तर दुसरा बाजारात मिळतो. त्यातली उधारीची खाती, बिले, पगारपत्रके आणि ग्राहकांची यादी मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून हमाल यायच्या निदान आठवडाभर आधी बॅकअपचे काम सुरू व्हावे लागते.

धोका म्हटला की रस्त्यावरचे खड्डे आठवतात. चालू हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. अशा वेळी बसलेला धक्का घातकच. पण डिस्क रीतसर बंद केली की ते टोक बाजूला जाऊन विसावते, आणि बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त हादरा सोसते. खरी गोम बंद करण्यातच आहे. तीन-चार वर्षे अखंड चाललेला सर्व्हर एकदा थंड झाला की जुनी मोटर पुन्हा फिरेलच असे नाही. पॉवर सप्लायही अशाच वेळी दगा देतो. मदरबोर्डवरचा बटणाएवढा 3 व्होल्टचा सेल कधीच संपलेला असतो, पण वायर भिंतीत असेपर्यंत ते कोणाला कळत नाही. वायर निघाली की यंत्र तारीख विसरते, कधी डिस्कची सेटिंगही विसरते आणि विंडोज सुरू होत नाही. माहिती शाबूत असते, पण ते सिद्ध होईपर्यंत अख्खे ऑफिस हातावर हात ठेवून बसते.

बॅकअप कशाचा घ्यायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. बहुतेक लहान व्यवसायांत बॅकअप म्हणजे टॅलीचा डेटा. त्यात बॅकअपची सोय आहे आणि डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ताही दिसतो, त्यामुळे हे काम अकाउंटंटच्या सवयीचे असते. निसटतात त्या बाकीच्या गोष्टी: डेस्कटॉपवर पडलेल्या एक्सेल शीट, आउटलुकमधली जुनी पत्रे, बारकोड लेबलांची डिझाइन, हजेरीच्या यंत्राचा डेटाबेस आणि कोपऱ्यातला तो जुना संगणक, ज्याला हात लावायची कोणाची हिंमत नसते. प्रत्येक टेबलावर जाऊन ‘तुमच्याकडे असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?’ असे विचारले की खरी यादी तयार होते. ती अंदाजापेक्षा लांब निघते.

काही गोष्टी फाइल नसल्या तरी त्यांच्यावाचून फाइल उघडत नाहीत. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर मदरबोर्ड बदलताच 48 आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच कागदावर छापून घ्यावी. सॉफ्टवेअरचे परवाने अनेकदा त्या-त्या यंत्राला बांधलेले असतात, म्हणून परवान्यांचे क्रमांक आणि पासवर्डही हाताशी हवेत. डिजिटल सहीच्या टोकनची तर प्रतच होत नाही, कारण सहीची गुप्त किल्ली त्यातून बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना असते. ते खिशातून न्यायचे.

कायद्याचाही इथे संबंध येतो. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके 8 आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणेही सक्तीचे आहे. त्यामुळे खातेवही एक्सेलमध्ये उतरवून घेतली म्हणजे भागले, असे मानता येत नाही. कोणी, कधी, काय बदलले ही नोंद त्या शीटमध्ये येत नाही.

प्रत घेताना पहिली अट म्हणजे लिहिणे थांबले पाहिजे. कोणी बिल करत असताना डेटाबेसची फाइल उचलली, तर तिचा अर्धा भाग बिलाआधीचा आणि अर्धा नंतरचा येऊ शकतो. प्रत झाली असे दिसते आणि उघडताना ती फाटकी निघते. म्हणून दुकान वाढवल्यावर सगळ्यांनी प्रोग्रॅममधून बाहेर पडायचे, मग शेवटचा बॅकअप. मोठ्या डेटाबेससाठी चालू अवस्थेत सुसंगत प्रत काढण्याची सोय प्रोग्रॅममध्येच असते; ती वापरावी, नुसती कॉपी-पेस्ट करू नये.

वेळेचा हिशेब आधीच मांडावा. 500 जीबी माहिती जुन्या यूएसबी 2.0 वरून उतरवायला साधारण चार तास लागतात. यूएसबी 3.0 आणि साधी बाहेरची डिस्क असेल तर दीड तासाच्या आसपास. हीच माहिती 50 एमबीपीएसच्या लाइनवरून क्लाउडवर चढवायला बावीस तास. म्हणजे क्लाउडचे काम आदल्या रात्रीवर ढकलता येत नाही. मुख्य भाग आधी चढवून शेवटच्या रात्री फक्त नवे बदल पाठवावे लागतात. पेनड्राइव्ह जुन्या एफएटी32 पद्धतीने तयार केलेला असेल, तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, मग त्यात कितीही जागा मोकळी दिसो.

जाणकारांत रूढ असलेला हिशेब तीन-दोन-एकचा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी. एरवी शेवटच्या अटीकडे दुर्लक्ष होते आणि निभावतेही. जागा बदलताना मात्र सर्व्हर, बॅकअपची डिस्क आणि पेनड्राइव्हचा डबा एकाच टेम्पोत जातो. टेम्पो उलटला, भिजला किंवा चोरीला गेला तर तिन्ही प्रती एकदम जातात. निदान एक डिस्क मालकाच्या गाडीतून, वेगळ्या वेळी जावी. तिला पासवर्डचे कुलूप असावे आणि तो पासवर्ड तिच्यावरच चिकटवलेल्या चिठ्ठीवर नसावा (ही चिठ्ठी फार ठिकाणी दिसते).

वेगळ्या ठिकाणच्या प्रतीचे मोल अमेरिकेतल्या पिक्सार या ॲनिमेशन कंपनीला 1998 मध्ये कळले. ‘टॉय स्टोरी 2’चे काम चालू असताना चुकीच्या आज्ञेने सर्व्हरवरून चित्रपटाच्या फाइल पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप उघडून पाहिले तर तेही नीट नव्हते. तंत्रविभागातल्या गॅलिन सुसमन यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवरून जपून स्टुडिओत आणला गेला. चित्रपट वाचला.

या घटनेची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे: बॅकअप होते, पण ते चालते का हे कोणी पाहिले नव्हते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हाही नेमाचे बॅकअप उपयोगी पडले नाहीत. सुमारे सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीवर काम भागवावे लागले.

चाचणी अवघड नसते. हलवण्यापूर्वी ट्रायल बॅलन्स छापायचा आणि शेवटचा व्हाउचर क्रमांक लिहून ठेवायचा. मग बॅकअप दुसऱ्याच एखाद्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून तेच आकडे तिथे दिसतात का, ते ताडून पाहायचे. एका पैशाचा फरक आला तरी टेम्पो थांबवायचा. सर्व्हरमध्ये रेड पद्धतीने दोन-तीन डिस्क जोडलेल्या असल्या तरी या चाचणीतून सूट नाही. एक डिस्क गेली तर रेड सांभाळून घेतो, पण चुकून पुसलेली फाइल तो सगळीकडूनच पुसतो.

बांधाबांध त्या मानाने किरकोळ. वायरींचा फोटो, रेडच्या डिस्कवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या, फोमचे खोके. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून निघालेले यंत्र दमट हवेत घामेजते. ते पूर्ण कोरडे होईपर्यंत लावू नये.

नव्या जागी संगणक सुरू झाला तरी जुन्या प्रती लगेच पुसायच्या नसतात. एक महिनाअखेर पार पडेपर्यंत आणि जीएसटीचे एक विवरण भरले जाईपर्यंत त्या तशाच ठेवतात, कारण राहून गेलेली फाइल बहुधा त्याच वेळी आठवते. इंटरनेटची लाइन आणि राउटर बदलल्याने नेटवर्कवरचे पत्तेही बदलतात. रोज रात्री आपोआप होणारा बॅकअप मग जुन्याच पत्त्यावर प्रत पाठवत राहतो आणि ती कुठेच पोहोचत नाही. पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी बॅकअपच्या फोल्डरमध्ये आदल्या दिवशीच्या तारखेची फाइल आहे का आणि तिचा आकार नेहमीइतका आहे का, हे उघडून पाहावे लागते.