समाजमाध्यमे आणि खासगीपणा: आपणच उघड केलेली माहिती

एका उदाहरणापासून सुरुवात करू. समजा, बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये खोली घेऊन राहणारी एक विद्यार्थिनी आहे. सोमवारी ती सँकी तलावाकाठी धावतानाचा फोटो टाकते आणि खाली लिहिते, ‘रोज सकाळी सहा वाजता’. बुधवारी खोलीच्या खिडकीतून दिसणारा पाऊस टाकते. त्यात कोपऱ्यावरच्या क्रॉसची पाटी दिसते. शुक्रवारी वाढदिवसाचा केक, त्यावर वय. रविवारी लिहिते, ‘रूममेट गावी गेली, आठवडाभर एकटीच.’

यातली एकही पोस्ट वाईट नाही. पण चारही शेजारी ठेवल्या, की ती कोठे राहते, केव्हा बाहेर पडते, तिची जन्मतारीख कोणती आणि ती एकटी केव्हा असते, हे कोणाही अनोळखी माणसाला कळते. रस्त्यात कोणी विचारले असते, तर तिने यातले काहीच सांगितले नसते.

१. तुकडे जोडले की ओळख पटते

अमेरिकेतील संशोधक लतान्या स्वीनी यांनी २००० साली एक अंदाज मांडला. जन्मतारीख, लिंग आणि आपल्या पिनकोडसारखा पाच अंकी झिप कोड, एवढ्यावरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात. नावाची गरज नाही. म्हणून ‘मी नाव कोठे लिहिले?’ हा बचाव पुरेसा नाही.

२. कायदा काय म्हणतो

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. आपली माहिती वापरणाऱ्याने आपली संमती घ्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र. मात्र कलम ३ मध्ये एक अपवाद आहे. जी माहिती व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू होत नाही. समाजमाध्यमावर स्वतःची माहिती टाकणाऱ्या व्यक्तीचेच उदाहरण कायद्यात दिले आहे.

त्या माहितीच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणूक झाली, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार तो गुन्हाच आहे. पण तक्रार नुकसान झाल्यावर करता येते. नुकसानाआधीचे संमतीचे कुंपण मात्र आपण स्वतःच काढून ठेवलेले असते.

३. काय करावे

प्रवासाचे फोटो घरी परतल्यावर टाकावेत. पोस्ट सर्वांना दिसावी की मोजक्यांना, हे दर वेळी ठरवावे. फोटोत दुसरे कोणी असेल, तर त्याला आधी विचारावे. आपल्या हौसेपायी त्याचे खासगीपण खर्ची घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

स्वाध्याय: आपल्या शेवटच्या दहा पोस्ट अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. त्यांतून आपला पत्ता, दिनक्रम, जन्मतारीख आणि घरची परिस्थिती यांपैकी काय कळते, ते वहीत लिहा. ही यादी मात्र पोस्ट करू नका.