अर्धशिशीच्या इलाजात सुयांचे स्थान

अर्धशिशी प्राण घेत नाही, आणि बहुधा याच कारणास्तव ‘नुसती डोकेदुखी’ म्हणून तिची बोळवण करण्याची आपल्या घराघरांतून रीत पडली आहे. परंतु मस्तकाच्या एका बाजूस उठलेला ठणका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत ज्यांची पाठ सोडत नाही, मळमळीने ज्यांच्या पोटात अन्न ठरत नाही आणि उजेडाची तिरीप किंवा भांड्याचा आवाजही ज्यांना सोसत नाही, त्यांच्या आयुष्याचा केवढा भाग हा विकार हिरावून घेतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. वयात आल्यानंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटीतिपटीने अधिक जडतो आणि संसाराच्या रगाड्यात त्यांची कैफियत सहसा ऐकली जात नाही, ही गोष्ट विशेष खेदाची आहे.

वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरता उतार पडतो खरा; परंतु साध्या गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या गेल्या, तर त्या गोळ्यांपासूनच नवी डोकेदुखी उत्पन्न होऊ शकते. म्हणून ज्यांना झटके वारंवार येतात त्यांच्या बाबतीत झटका शमविण्यापेक्षा तो टाळणे हेच उपचाराचे मुख्य प्रयोजन ठरते, आणि याच प्रतिबंधक कार्यात ॲक्युपंक्चरचा विचार गंभीरपणे होणे अगत्याचे आहे.

सुया टोचून व्याधी हटविण्याची ही विद्या चीनमधील. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात तिचे सविस्तर विवेचन आहे. जपानमधील डच वखारीत राहिलेल्या विलेम टेन ऱ्हाइने या वैद्याने 1683 साली आपल्या लॅटिन ग्रंथातून युरोपास तिचा परिचय करून दिला. भारताशी तिचा संबंध जडला तो मात्र एका उदात्त प्रसंगातून. जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ 1938 साली राष्ट्रसभेने (काँग्रेसने) जे पाच डॉक्टर पाठविले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस 1942 साली तेथेच निवर्तले, आणि त्याच पथकातील विजयकुमार बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या आत्मसात केली व कलकत्त्यास तिचा पाया घातला. महाराष्ट्रानेही 2015 च्या अधिनियमान्वये या पद्धतीस कायदेशीर मान्यता दिली आहे.

उपचाराचा तपशील साधा आहे. मानेच्या मागे कवटीच्या तळाशी, कानशिलावर, आंगठा व तर्जनी यांच्या दरम्यान, तसेच पायाच्या पहिल्या दोन बोटांमधील खोबणीत अतिशय बारीक, निर्जंतुक सुया टोचतात आणि सामान्यतः वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. शरीरातून वाहणाऱ्या ‘ची’ नामक प्राणशक्तीचा अडलेला प्रवाह त्यामुळे मोकळा होतो, असे परंपरा मानते. सुईने मज्जातंतू उद्दीपित होऊन शरीरातील स्वाभाविक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे आधुनिक संशोधकांचे प्रतिपादन आहे.

आता प्रश्न उरतो तो पुराव्याचा. कॉक्रेन या संस्थेने 2016 साली 22 चाचण्यांतील 4,985 रुग्णांच्या माहितीची छाननी केली, तेव्हा डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर येण्याचे प्रमाण सुया घेणाऱ्यांत शेकडा 41, तर केवळ झटक्यापुरते औषध घेणाऱ्यांत वा नेहमीचाच उपचार चालू ठेवणाऱ्यांत शेकडा 17 आढळले. प्रतिबंधक औषधांशी तुलना करता तीन महिन्यांनी हेच प्रमाण अनुक्रमे 57 व 46 होते आणि दुष्परिणामांमुळे उपचार सोडणारे सुयांच्या बाजूस कमी होते. मात्र भलत्याच ठिकाणी किंवा केवळ वरवर सुया लावून केलेल्या लटक्या उपचारानेही शेकडा 41 जणांचे दुखणे निम्म्यावर आले; त्याच चाचण्यांत खऱ्या उपचाराने शेकडा 50 जणांचे. हे अंतर लहान आहे, आणि ते लपविणे रुग्णाशी प्रतारणा करणे होय. नेमक्या बिंदूंचे माहात्म्य परंपरा सांगते तेवढे नसावे, सुईचा स्पर्श, निवांत पहुडणे आणि उपचारकाचे आस्थापूर्वक लक्ष यांचाही वाटा मोठा असावा, असाच निष्कर्ष यातून निघतो. तथापि पीडितेचे दुखण्याचे दिवस खरोखर कमी होत असतील, तर एवढ्यावरून हा उपाय त्याज्य ठरत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही 2012 साली, प्रतिबंधक औषधे न मानवल्यास वा निष्फळ ठरल्यास, पाच ते आठ आठवड्यांत 10 बैठकांपर्यंत हा उपचार विचारात घ्यावा, अशी शिफारस केली.

परंतु रोगनिदानावाचून सुई नको. क्षणार्धात पराकोटीस पोहोचलेली डोकेदुखी, ताप व मान आखडणे, हातापायांतील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे; सुया एकदाच वापरावयाच्या असाव्यात; उपचारक नोंदणीकृत असावा; आणि चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत.

ॲक्युपंक्चरला औषधाच्या जागी बसविण्याचा हट्ट जितका अनाठायी, तितकाच त्याला थोतांड म्हणून झिडकारण्याचा. रुग्णाने डोकेदुखीची रोजकीर्द ठेवावी. दुखण्याचा दिवस, त्याची मुदत, घेतलेली गोळी, झोप व पाळी यांची तारीखवार नोंद तीत असावी, आणि ठरलेल्या बैठकांअंती तीच वही मज्जाविकारतज्ज्ञ व सुईउपचारक या दोघांनीही वाचावी. दिवस घटले असतील तर उपचार पुढे चालवावा, नसतील तर निःसंकोच थांबवावा. हा फैसला परंपरेच्या अभिमानाने किंवा आधुनिकतेच्या दुराग्रहाने न होता रुग्णाच्या त्या वहीवरून व्हावा.