मधुमेही भाविकांचे हृदय : आहार, व्यायाम आणि औषध

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की मधुमेह असलेले भाविक आम्हांला हमखास विचारतात, "फादर, यंदा उपवास धरू ना?" राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवसांचा उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत बंधनकारक आहे, आजारी माणसांना त्यातून मोकळीक आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. तेव्हा या दोन दिवसांची चिंता नको. चिंता करायची ती उरलेल्या वर्षाची.

मधुमेह म्हणजे केवळ साखरेचा आजार, अशी आपली समजूत असते. वस्तुतः टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. वाढलेली साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ही तिन्ही मिळून रक्तवाहिन्यांचे नुकसान करतात. शिवाय मज्जातंतू बधिर झाल्यामुळे कित्येकदा हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखत नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, विलक्षण थकवा येतो. 'पित्त झाले असेल' म्हणून घरचे थांबतात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

व्यायामाचा उपयोग येथे कसा होतो? स्नायू काम करू लागले की इन्सुलिनची फारशी मदत न घेता ते रक्तातील साखर ओढून घेतात. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्याने रक्तदाब उतरतो, रक्तातील चरबीही सुधारते. आमच्या वसईतील मागच्या पिढीला हे कोणी सांगावे लागले नाही. वाडीतील शिंपणे-खुरपणे हाच त्यांचा व्यायाम होता. वाडी सुटली, पण ताटातला भात मात्र तेवढाच राहिला!

तथापि एका गोष्टीची आम्ही भाविकांना स्पष्ट जाणीव देऊ इच्छितो. अमेरिकेत २००१ साली 'लूक अहेड' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. टाइप २ मधुमेह व जादा वजन असलेल्या ५,१४५ व्यक्तींपैकी निम्म्यांना आहार व व्यायामाचे कसून मार्गदर्शन मिळाले. त्यांचे वजन घटले, साखर सुधारली, औषधे कमी लागली. परंतु हृदयविकाराचे झटके व पक्षाघात दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय कमी झाले नाहीत आणि २०१२ साली हा प्रयोग थांबविण्यात आला. याचा अर्थ चालणे व्यर्थ आहे असा नव्हे. दुसऱ्या गटातील लोक कोलेस्टेरॉलच्या गोळ्या अधिक प्रमाणात घेत होते, हे त्यामागचे एक कारण असावे, असे अभ्यासकांना वाटते. साखर ताब्यात आली म्हणून परस्पर गोळ्या बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नुसते वजन न पाहता ताटात काय आहे, हेही पाहावे लागते. स्पेनमधील 'प्रेडिमेड' या अभ्यासातील जवळजवळ निम्मे लोक मधुमेही होते. भाज्या, कडधान्ये व मासळी यांच्या आहाराला ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदामांची जोड दिलेल्या गटांत हृदयविकार व पक्षाघात कमी आढळले. ऑलिव्ह तेल आपल्या खिशाला परवडणारे नाही, पण मासळी तर आपल्या दारी येते. ती तळण्याऐवजी कालवणात घ्यावी. भात निम्मा करून त्या जागी भाजी व डाळ वाढावी. सुकी मासळी, लोणची, पापड यांतील मीठ रक्तदाब वाढवते. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचाभर, याहून कमी असावे.

चालण्यास आरंभ करण्यापूर्वी, विशेषतः दम लागत असल्यास, डॉक्टरांना विचारावे. आणि नवस म्हणून अनवाणी पदयात्रा करणाऱ्या मधुमेही बंधुभगिनींना आमची कळकळीची विनंती आहे, की पायांत बूट घालूनच निघावे. बधिर तळव्याला रुतलेला काटा कळत नाही, आणि एकदा जखम चिघळली की चालणेच महिनोन्‌महिने बंद पडते.