कृषी सखी : तुम्हाला शिकवता येते का, हे कसे तपासाल?

तुम्ही बचत गटातून कृषी सखीचे प्रशिक्षण घेत असाल, तर शेवटी तुमची प्रवीणता चाचणी होते. उत्तीर्ण झाल्यावर ‘पॅरा-एक्स्टेंशन वर्कर’, म्हणजेच गावपातळीवरील सहायक कृषी विस्तार कार्यकर्ती, असे प्रमाणपत्र मिळते. तयारी करताना एक गोष्ट विसरू नका : स्वतःला येणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे.

कार्यक्रम काय आहे?

केंद्रीय कृषी व ग्रामीण विकास मंत्रालयांनी यासाठी 30 ऑगस्ट 2023 रोजी सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि गुजरातसह 12 राज्ये आहेत. 56 दिवसांच्या प्रशिक्षणात मशागत ते काढणी, शेतीशाळा, मातीचे आरोग्य, पशुपालन, जैविक निविष्ठा आणि संवाद कौशल्य हे विषय असतात. संवाद कौशल्य यादीत शेवटी असले, तरी गावात तुमची पारख त्यावरच होते.

स्वतःची तपासणी कशी करावी?

समजा, तुम्ही गटातील महिलांना माती नमुना घ्यायला शिकवले. शेवटी “समजले का?” असे विचारू नका, सगळ्या “हो” म्हणतात. त्याऐवजी एकीच्या हातात खुरपे द्या, गप्प राहा आणि पाहा :

- तिने बांध, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची जागा टाळली का?
- वरचा पालापाचोळा बाजूला केला का?
- इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा सुमारे 15 सेंमी खोल खड्डा घेऊन कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी काढली का?
- शेतातील वेगवेगळ्या ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग केले का? समोरासमोरचे दोन भाग ठेवत शेवटी अर्धा किलो माती उरवली का?
- हे असे का करायचे, ते तिने स्वतःच्या शब्दांत सांगितले का?

ती जिथे अडली, ती पायरी तुमच्या शिकवण्यात राहून गेली असे समजा. तिला दोष न देता तेवढीच पायरी पुन्हा करून दाखवा.

हे महत्त्वाचे का आहे?

नमुना चुकला, तर मृदा आरोग्य पत्रिकेवरील 12 घटकांचे आकडे त्या शेताचे राहत नाहीत. खताचे पैसे वाया जातात आणि पुढच्या वेळी ती शेतकरी महिला तुम्हाला बोलावत नाही.

लक्षात ठेवा

- कृषी सखीला पगार नसतो. केलेल्या कामानुसार मानधन मिळते.
- चाचणीची तारीख व स्वरूप यांची माहिती महाराष्ट्रात ‘उमेद’च्या तालुका कक्षात विचारा. इतर राज्यांत तेथील ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कार्यालयात चौकशी करा.
- चाचणीआधी एकदा तरी गटासमोर शिकवून पाहा.