उदाहरण सोडविणे म्हणजे काय?

उदाहरण वाचावयाचे, त्यातील आकडे वेचून काढावयाचे, गुणावे की भागावे याचा तर्क करावयाचा आणि उत्तर निघताच पुस्तकाची शेवटची पाने उघडावयाची, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची रीत असते. मागच्या पानावरील उत्तराशी आपले उत्तर जुळले की वही मिटते. न जुळले तर गुणाकाराच्या जागी भागाकार येतो. अशाने वह्या भरतात खऱ्या; परंतु ज्या गोष्टीविषयी ते उदाहरण असते, ती गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानातही येत नाही.

व्यवहारात उत्तरांचे पान नसते. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार नावाचे गाव आहे. आपण असे समजू, की तेथील एका कास्तकाराने 18 क्विंटल 60 किलो सोयाबीन क्विंटलला 4,200 रुपये या भावाने विकले. कागद हाती घेण्यापूर्वीच तो मनाशी म्हणेल, 'माल वीस क्विंटलांहून थोडा कमी, भाव चार हजारांहून थोडा अधिक. तेव्हा पैसे ऐंशी हजारांच्या आसपास यावयास हवेत.' हिशेबपट्टीवर 78,120 रुपये लिहिलेले दिसले, तर त्याचे समाधान होईल. दशांशचिन्ह एक घर सरकून तेथे 7,812 रुपये पडले असतील, तर ती चूक त्याला तत्काळ दिसेल. यालाच अदमास म्हणतात. अदमास म्हणजे उत्तर नव्हे. पण तो अगोदर केलेला असला, म्हणजे चार महिन्यांच्या कष्टाचे मोल एका टिंबापायी बुडत नाही.

याच शेलूबाजारजवळ नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. हा महामार्ग 701 किलोमीटर लांबीचा असून त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग 2022 च्या डिसेंबरात खुला झाला. त्यावर सपाट प्रदेशात मोटारीला ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. या रस्त्यावरचे, पदार्थविज्ञानाचे एक उदाहरण घेऊ. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यावर 25 मीटरांत थांबते. तीच मोटार ताशी 120 किलोमीटर वेगाने जात असेल, तर किती मीटरांत थांबेल?

त्रैराशिक नुकतेच शिकलेला विद्यार्थी चटकन सांगेल, '50 मीटर!' वेग दुप्पट, म्हणून अंतरही दुप्पट. उत्तर किती सोपे वाटते! पण घाई न करता आपण ती मोटार डोळ्यांपुढे आणू. ब्रेक लागल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ताशी 20 किलोमीटरने कमी होतो, असे धरू. म्हणजे 60 चा वेग शून्यावर यावयास 3 सेकंद लागतील. या काळात वेग एकसारखा उतरत असल्यामुळे सरासरी वेग ताशी 30 किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला 8⅓ मीटर पडेल. 3 सेकंदांत अंतर झाले 25 मीटर. दिलेल्या माहितीशी हे बरोबर जुळते. तेव्हा आपण धरलेली गोष्ट योग्य आहे. आता 120 चा वेग घ्या. तो शून्यावर यावयास 6 सेकंद लागतील आणि सरासरी वेग ताशी 60 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 16⅔ मीटर असेल. 16⅔ गुणिले 6 बरोबर 100 मीटर! वेळही दुप्पट झाली आणि सरासरी वेगही दुप्पट झाला. म्हणून अंतर चौपट झाले.

शिवाय अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी तेवढ्यात मोटार आणखी 33⅓ मीटर पुढे गेलेली असते. रस्त्यात बंद पडलेली मालमोटार 80 मीटरांवर दिसली आणि चालकाच्या मनात मात्र ते 50 मीटरांचे उत्तर घर करून बसले असेल, तर काय होईल हे निराळे सांगावयास नको. त्रैराशिक खोटे नाही. ते येथे लागू पडत नाही, एवढेच.

रसायनशास्त्रात ते लागू पडते, असे पुष्कळदा दिसेल. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली असता 56 ग्रॅम कळीचा चुना मिळतो. तर 250 किलोग्रॅम चुनखडीपासून 140 किलोग्रॅम मिळेल. उत्तर बरोबर आहे. परंतु जागरूक विद्यार्थी येथे विचारील, 'मग उरलेले 110 किलोग्रॅम गेले कोठे?' ते कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने भट्टीतून निघून गेले. 100 ग्रॅम चुनखडीतून हा वायू 44 ग्रॅम निघतो. त्या हिशेबाने 250 किलोग्रॅममधून 110 किलोग्रॅम. 140 आणि 110 मिळून 250. ताळा जमला! फ्रान्समधील लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात अशीच वजनावर वजने घेऊन रसायनशास्त्राला हिशेबाची शिस्त लावली.

उदाहरणातील गोष्ट डोळ्यांपुढे उभी करण्याची ही सवय आपल्या देशात फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इसवी सन 1150 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाचा 'लीलावती' हा गणितविषयक भाग भुंगे, हंस, मोर आणि कमळे यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

'लीलावती'तील एक उदाहरण असे आहे. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात डोकावत आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? (खऱ्या कमळाचा देठ इतका ताठ नसतो, पण उदाहरणापुरता तो तसा मानू.) आकृती काढताच काटकोन त्रिकोण दिसतो. देठ हा कर्ण, पाण्याची खोली ही एक भुजा आणि दोन हात ही दुसरी. कर्णाचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांतील अंतर 4 आहे. कर्ण खोलीपेक्षा अर्ध्या हाताने मोठा आहे. वर्गांतील अंतर म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. म्हणून कर्ण आणि खोली यांची बेरीज 8. ज्या दोन संख्यांची बेरीज 8 आणि वजाबाकी ½ आहे, त्या 4¼ आणि 3¾. पाणी पावणेचार हात खोल आहे.

आता ताळा पाहा. 4¼ चा वर्ग 18 1/16 आणि 3¾ चा वर्ग 14 1/16. अंतर बरोबर 4. मागचे पान उघडण्याची गरजच उरली नाही. हीच कळी दोन हातांऐवजी तीन हातांवर बुडाली असती, तर पाणी किती खोल असते? आधी अदमास लिहून ठेवा, मग आकृती काढा.